डावं भरेल

धुळे, २ डिसेंबर २०२४

ती. अमृतदादा, नमस्कार.

फोनच करणार होते. पण तुला फोनवर अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू मनानेच लावून घेतोस, असं ललितावहिनी म्हणते. शिवाय माझा फोन हल्ली बराच वेळ यांच्याच हातात असतो. म्हणून पत्र.

आबांना, माझ्या सासऱ्यांना, दिवाळीनंतर अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली. वाचाही गेल्यासारखीच, दिवसातून एखाददुसरा शब्द कसाबसा बाहेर पडतो. घरातलं सगळं आता हे बघतात. परवा यांनी देवघरातली पेटी उघडली. तिच्यात या घराण्यातली दोन जुनी पिस्तुलं आहेत. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, मी ती धड पाहिलीही नव्हती. खांडेनवमीला आबा दार लावून एकटेच त्यांची पूजा करायचे. यांचे कुणी पूर्वज खजिन्याच्या गाड्यांबरोबर लळिंगच्या घाटातून जात, त्यांनी बऱ्हाणपूरच्या कारागिराला हाताची मापं देऊन जोडी बनवून घेतली, असं सांगतात.

यांना ती विकायची आहे. पुना म्हणून एक माणूस लगेच येऊन बसलाय, जुन्या वस्तू इकडच्या तिकडे करणारा. तू शौकिनांना आणि म्युझियमवाल्यांना अशा हत्यारांचा भाव ठरवून देतोस, म्हणून यांनीच तुला लिहायला सांगितलं.

विक्रीला माझी हरकत नाही. हरकत आबांची आहे. पेटी उघडली तेव्हा ते पडल्या पडल्या असे थरथरायला लागले की मी ती बंद करायला लावली. वस्तू जाते म्हणून माणूस रडतो, दादा. आबा रडत नव्हते, घाबरले होते. कशाला घाबरले ते कळल्याशिवाय पेटी घराबाहेर जाऊ नये असं मला वाटतं. भाव सांगता सांगता तेवढंही शोधून दे.

तुझी
दिपमाला


जळगाव, ७ डिसेंबर २०२४

चि. दिपू, अनेक आशीर्वाद.

ललिता म्हणते ते खरं आहे, पण माझं लावून घेतलेलं अर्धं बहुतेक वेळा बरोबर निघतं, हे ती सांगत नाही.

आता कामाचं. सगळ्यात आधी दोन्ही पिस्तुलं रिकामी आहेत का ते बघ. ही ठासणीची हत्यारं, म्हणजे तोंडातून दारू-गोळी भरायची आणि घोड्याखाली ठिणगीची टोपी बसवायची. भरलेलं आहे की रिकामं, ते बाहेरून कळत नाही. तोंड भिंतीकडे ठेव, नळीत लांब काडी तळापर्यंत घाल, तोंडाशी खूण कर. मग तीच काडी नळीला बाहेरून लावून बघ. खूण तोंडाशी धरलीस आणि काडीचं टोक घोड्याच्या अलीकडेच थांबलं, तर आत काहीतरी आहे.

दुसरं, काही घासू-पुसू नकोस. चिंच नको, राख नको, भूषणरावांच्या मोटारसायकलचं पॉलिश तर मुळीच नको. हत्याराचं वय त्याच्या कातडीवर असतं. चकचकीत केलेलं पिस्तूल म्हणजे केस रंगवलेला आजोबा. मागे जामनेरला एकाने मला शिवकालीन तलवार दाखवली. तिच्यावर बारीक अक्षरांत स्टेनलेस लिहिलेलं होतं. मी दाखवलं, तर म्हणाला, "महाराजांचा काळ पुढारलेला होता, साहेब."

फोटो छापून पाठव. हत्यारांचे फोटो मी फोनवर घेत नाही. ते कुठून कुठे जातात सांगता येत नाही.

आबांचं म्हणशील तर, जुनी माणसं देवघरातलं हत्यार बाहेर गेलं की घराचं काही बिघडेल असं मानतात. त्यापलीकडे काही असेल असं वाटत नाही.

तुझा
अमृतदादा


धुळे, १४ डिसेंबर २०२४

ती. दादा,

फोटो सोबत आहेत. दोन्ही एकाच आकाराची, मुठीवर चांदीची पळसाची पानं. पण नीट बघ. एकाचा घोडा उजव्या अंगाला आहे आणि दुसऱ्याचा डाव्या. पानंसुद्धा एकमेकांकडे तोंड करून. आरशात बघितल्यासारखं.

उजव्यात काडी घातली, तळापर्यंत गेली. डाव्यात जाईना. त्याच्या तोंडाशी शेंदराचा गोळा घट्ट बसलाय, आणि घोड्याच्या खाली टोपी बसते म्हणतोस त्या जागीही शेंदराचा थर आहे. खरवडू का? यांना विचारलं. म्हणाले, "रिकामीच आहेत. लहानपणी मी चोर-पोलीस खेळलोय त्यांच्याशी." दोन्हींशी की एकाशी, ते सांगितलं नाही.

आणखी एक. फोटोसाठी मी डावं उचलून खिडकीशी नेलं तेव्हा आबा बोलले. दोनच शब्द. "डावं भरेल." परत विचारलं, परत तेच. हे म्हणाले, डाव्या हाताचं सांगतायत, हात भरून आलाय. डॉक्टरांनीही जडपणा येईल म्हणून सांगितलं होतं. मी तेल घेऊन हात चोळायला बसले. आबांनी चांगल्या हाताने माझा हात झटकून दिला, दादा. इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी असं केलं नव्हतं.

दिपमाला


जळगाव, १९ डिसेंबर २०२४

चि. दिपू,

तुझे फोटो भिंगाखाली धरून मी जेवण थंड केलं. ललिता अजून बोलत नाही.

जोड्या पुष्कळ मिळतात, पण त्या एकाच साच्याच्या दोन वस्तू असतात. ही जोडी एका माणसाच्या दोन हातांसाठी केलेली आहे. डाव्या अंगाला घोडा बसवायचा म्हणजे आतली कमान, खिट्टी, चाप, सगळं उलट घडवावं लागतं. कारागिराने डोकं उलटं करून काम केलंय. असं काम मी उभ्या आयुष्यात एकदा पाहिलं, तेही काचेच्या कपाटात. स्क्रू मूळचे, लाकूड न तासलेलं.

शेंदूर अजिबात खरवडू नकोस. पिढ्यान् पिढ्या पूजा झाल्याची ती खूण आहे आणि शौकीन त्या खुणेचेच पैसे देतात. काडी राहू दे. भूषणराव लहानपणी खेळलेत म्हणजे प्रश्नच नाही.

आबांचं बोलणं तुम्ही दोघांनी चुकीचं वाचलं. हाताचं नाही ते. तू डावं उचललंस तेव्हाच बोलले ना? डावं भरेल, म्हणजे डाव्याची किंमत जास्त भरेल! अंथरुणावर पडलेल्या माणसाला जे कळतं ते बाजारातल्या निम्म्या दलालांना कळत नाही. माझा नमस्कार सांग त्यांना.

मूल्यांकनाचा कागद सोबत आहे. शोभेची वस्तू, नळ्या रिकाम्या, शेंदूर जपावा, असं लिहून सही केली आहे. हातात घेतल्याशिवाय मी सही करत नाही. घरचं म्हणून केली. भूषणरावांना एवढंच बजाव की किंमत जोडीची आहे. फोडली तर दोन्ही गेली.

अमृतदादा


धुळे, ९ जानेवारी २०२५

ती. दादा,

जोडी फुटली.

पुना आला तो गिऱ्हाइकाचा निरोप घेऊन. गिऱ्हाईक डावखुरा आहे आणि त्याला फक्त डावं हवंय. नाव सांगितलं नाही. "वहिनी, हौसेला नाव-गाव नसतं," म्हणाला आणि हसला. मी यांना म्हटलं, दादाने फोडू नका म्हणून लिहिलंय. हे म्हणाले, "तुझ्या दादाने कागद दिला, त्याचं काम झालं." पुनाने तुझा कागद प्लास्टिकच्या पाकिटात घातला आणि पिस्तूल टॉवेलात गुंडाळून नेलं. पावती नाही, काही नाही.

आबा पलीकडच्या खोलीतून ओरडत होते. भरेल, भरेल. इतकं स्पष्ट ते झटक्यानंतर पहिल्यांदाच बोलले. किंमत कळावी म्हणून माणूस असा ओरडत नाही, दादा. पुना बाहेर पडला आणि आबांनी भिंतीकडे तोंड केलं. दोन दिवस अन्न घेतलं नाही.

दिपमाला


जळगाव, १३ जानेवारी २०२५

चि. दिपू,

वाईट वाटलं. रागही आला, पण तो पत्रात लिहून तुझ्या घरी पाठवत नाही.

आबांच्या ओरडण्याचं मलाही आता उमगत नाही. साक्रीकडे त्यांची धाकटी बहीण आहे ना, झुंबरबाई? तिला बोलावून घे. आपण जामनेरचे, त्यातून मी जळगावच्या बाजारपेठेत मुरलेला. आपण दोघंही आबांचं बोलणं पाहुण्यांसारखं ऐकतो. त्यांच्या बोलीतलं कुणीतरी उशाशी बसू दे. आणि ते जेवले की कळव.

अमृतदादा


धुळे, २६ जानेवारी २०२५

दादा,

वाचून लगेच उठ आणि जे करता येईल ते कर.

झुंबरबाई आत्या काल आल्या. आबांच्या उशाशी बसल्या, डोक्यावरून हात फिरवला. आबा म्हणाले, "डावं भरेल." मी म्हटलं, आत्या, हात जड झालाय त्याचं सांगतात. आत्या माझ्यावरच उखडल्या.

"हातनं कोन सांगस वो? भाऊ हत्यारनं सांगी ऱ्हायना. डावं हत्यार भरेल शे. बार शे त्यामा!"

त्यांच्या बोलीत भरेल म्हणजे भरलेलं. तुझं भरेल अजून भरायचं होतं, दादा. त्यांचं केव्हाच भरून झालेलं होतं.

मग आत्यांनी सांगितलं ते असं. त्या घाटातल्या पूर्वजाला दरोडेखोरांनी गाठलं तेव्हा दोन्ही पिस्तुलं झाडून रिकामी झालेली होती. त्यात ते गेले. तेव्हापासून या घराची रीत आहे, एक रितं ठेवायचं, एक भरेल. खांडेनवमीला घरातला कर्ता पुरुष दार लावून डाव्यातला जुना बार काढतो, नवी दारू ठासतो, टोपी चढवतो आणि दमट हवा लागू नये म्हणून दोन्हीकडे मेणात कालवलेला शेंदूर दाबून बसवतो. तू जपायला सांगितलास तो शेंदूर. पूजेचा नव्हता तो. बूच होतं.

यांना सांगितलं. हे काहीच दचकले नाहीत. म्हणाले, "आता विकलंय. पोलिसांत गेलीस तर आधी मी आत जाईन, मग तुझा दादा. सही त्याची आहे." पुनाचा फोन बंद लागतोय.

आत्यांना क्षणात कळलं. हे तर जन्मापासून आबांशी याच बोलीत बोलतात. पुढे मला लिहवत नाही.

दिपमाला


रावेर, १४ फेब्रुवारी २०२५

चि. दिपू,

बसस्टँडच्या बाकावर बसून लिहितोय, अक्षर सांभाळून घे.

तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी मी जळगावला पोलिसांत जाऊन सगळं लिहून दिलं. माझ्या कागदाची प्रतही दिली. तुझा जबाब घ्यायला धुळ्याला माणूस येऊन गेला असेल. तू खरं तेच सांगितलं असशील, याची मला खात्री आहे. पण हत्यार कुणाकडे, हे त्यांनाही सांगता येईना. मग मी जुन्या वस्तूंवाले, फर्निचरवाले, हॉटेलवाले असे पालथे घालत निघालो. भुसावळ झालं, यावल झालं. बहिऱ्या माणसाने चौकशी करणं म्हणजे काय, ते तुला वेगळं सांगायला नको. प्रत्येकाला वाटे, मी ओरडून धमकावतोय.

आज सकाळी रावेरच्या नाक्यावर उतरलो आणि समोर ते दिसलं. दोन मजली फ्लेक्स. धनसिंगभाऊंना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. खाली शुभेच्छुकांची पोस्टाच्या तिकिटांएवढी डोकी, मागे केळीचे ट्रक, मधोमध काळा चष्मा लावलेला तरणा माणूस. डाव्या हातात पिस्तूल. घोडा चढवलेला आणि नळी स्वतःच्या गालाला टेकवलेली. हसतोय.

घोड्याखालचा शेंदूर एवढा मोठा छापलाय की रस्त्याच्या पलीकडून दिसतो.

माणूस वाईट नाही म्हणतात. केळीच्या गाड्या आहेत, कुणाच्या लग्नकार्यात मागे हटत नाही. नळी गालाला लावायचं धाडस त्याला माझ्या कागदाने दिलं आहे, नाहीतर कुणी शहाणा असं करणार नाही. वाढदिवस आज आहे. ठाण्यात सांगितलं, एक हवालदार लगेच सोबत निघालाय, मोटारसायकल काढायला गेलाय. ती आली की निघायचं. समोरच्या लाल पेटीत हे टाकतो.

अमृतदादा


जळगाव, ६ मार्च २०२५

दिपू,

अक्षर ओळखू येणार नाही. डाव्या हाताने लिहितोय. थांबत थांबत.

तुला अर्धवट कळलं असेल, पूर्ण सांगतो. धनसिंगच्या अंगणात मांडव होता, माणसं होती, पोरंबाळं होती. हवालदाराने सांगताच त्याने चष्मा काढला आणि पिस्तूल गुमान माझ्या हातात दिलं. "बाबा, चाप कधी ओढला नाही. तुमच्या कागदात शेंदूर जपायला लिहिलंय ना," म्हणाला. ओठांवरून कळलं. घोडा तसाच चढवलेला होता. फोटोवाल्याला परत काढायचा होता. हवालदाराने सगळ्यांना मागे सारलं. मी केळीच्या बागेकडे तोंड करून नळी जमिनीकडे धरली आणि अंगठ्याने घोडा हळू खाली घेऊ लागलो. हे मी शेकडो वेळा केलंय. अंगठा म्हातारा झालाय, हे लक्षात नव्हतं. बार उडाला. नळी जुनी, ती फुटली.

दुसऱ्या कुणाला खरचटलंही नाही. माझा उजवा पंजा गेला. उरलंसुरलं ऐकू येणंही गेलं. ललिता पाटीवर लिहून बोलते आणि भांडतेही पाटीवरच. खडू लवकर संपतो.

हवालदार दवाखान्यात पंचनामा घेऊन आला. त्यात जप्त मालाच्या किमतीचा रकाना असतो. त्याने बोट ठेवलं आणि संकोचून माझ्याकडे पाहिलं. जिल्ह्यात हे विचारायचं तर मलाच. मी सांगितलं, शून्य लिहा.

परवा पुना आला. जळगावच्या माणसाला भेटायला केळी घेऊन आला. मी काही बोलायच्या आत त्याने फोनवर लिहून पुढे धरलं. "उजव्याचा भाव आता काय होईल? जोडीदाराने रक्त घेतलं ही बातमी झालीय." मी तोंड फिरवलं. पण दिपू, त्याचा हिशोब बरोबर आहे. अशी गोष्ट चिकटली की शौकीन दुप्पट मोजतात. असं मीच कितीदा गिऱ्हाइकांना समजावलंय.

मग त्याने दुसरी ओळ लिहिली. "भूषणभाऊ म्हणतात, घराण्याची रीत ठेवूनच देऊ." म्हणजे आता उजवं भरेल, आत्यांच्या बोलीतलं भरेल.

पुना जिन्यावरून उतरायच्या आधी ललिताने तुझा फोन लावला. फोन भूषणरावांनी उचलला. काय म्हणाले, ते तिने जसंच्या तसं पाटीवर लिहिलं. "दिपमाला कामात आहे. तिने पोलिसांना काय सांगितलं, ते आम्हाला कळलं. दादांना म्हणावं, काळजी करू नका. कर्ता आता मी आहे, घरात सगळं रीतीप्रमाणे चाललंय." काल दिवसभर लावला. त्यांनीच उचलला.

मी हवालदाराला कळवलंय. तो धुळ्याला सांगतो म्हणाला. त्याची वाट बघू नकोस. पेटीकडे जाऊ नकोस, ती उघडू नकोस, भूषणरावांशी वाद घालू नकोस. आबांना दवाखान्यात दाखवायचं म्हणून रिक्षात घाल आणि साक्रीला आत्यांकडे जा. कपडे, भांडी, काही घेऊ नकोस.

ललिता हे घेऊन पोस्टात निघाली आहे. पोचलं की दोन ओळी लिही, साक्रीहून लिही. तुझ्या अक्षरात लिही. उत्तर दुसऱ्या कुणाच्या अक्षरात आलं, तर ते मी वाचत बसणार नाही. तसाच निघेन.

अमृतदादा